‘प्रतिनिधी’ कोणाचा? : अप्पासाहेब पंत यांचे जीवन, पदव्या आणि आत्मपर लेखन

प्रास्ताविक

पदवी आणि सत्ता यांचे नाते नेहमीच सरळ नसते, ही गोष्ट बुलढाणा जिल्ह्यातील वाचकास वेगळी सांगावी लागू नये. सिंदखेडच्या जाधवरावांचे वतन, त्यांचे देशमुखीपण आणि १६२९ मध्ये देवगिरीच्या निजामशाही दरबारात लखुजीराव व त्यांच्या पुत्रांची झालेली हत्या ही या भूमीची ठळक स्मृती आहे. त्याहून अलीकडचे उदाहरण वऱ्हाडचेच आहे. १९३६ च्या करारानंतर हैदराबादच्या निजामाचे ज्येष्ठ पुत्र आझम जाह यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता, १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडेच राहिला आणि पुढे मध्यप्रांतास जोडला गेला. ज्या राजपुत्राच्या पदवीत आपला जिल्हा समाविष्ट होता, त्याचा येथील एकाही तहशिलीच्या कारभारात हात नव्हता. नाव येथले आणि सत्ता दुसऱ्याची, अशी ही पदवी होती.

याच्या नेमका उलट प्रवास सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानाच्या एका राजपुत्राचा आहे. अप्पासाहेब पंत (१९१२–१९९२) हे औंधचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे पुत्र. स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून आफ्रिका, हिमालय, आग्नेय आशिया आणि युरोप असा त्यांचा सेवाकाळ पसरलेला आहे. त्यांच्या घराण्याच्या पदवीचा शब्दशः अर्थ ‘दुसऱ्याच्या वतीने उभा राहणारा’ असा होतो. प्रस्तुत लेखात अप्पासाहेबांचे जीवन या पदवीच्या अर्थाच्या कसोटीवर तपासण्याचा प्रयत्न केला आहे. ते ज्यांचे प्रतिनिधी होते त्यांचा आवाज त्यांच्या लेखनात कितपत ऐकू येतो, हा या समीक्षेचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

पदवीचा पूर्वेतिहास

‘प्रतिनिधी’ हे पद छत्रपती राजाराम महाराजांनी जिंजीच्या मुक्कामी निर्माण केले. राज्यावर आलेल्या संकटात राजाच्या वतीने निर्णय घेणारा अधिकारी हवा होता. अष्टप्रधानांच्याही वरचे स्थान असलेल्या या पदावर प्रथम प्रल्हाद निराजी यांची नियुक्ती झाली. किन्हईच्या कुळकर्णी घराण्यातील परशुराम त्र्यंबक यांच्याकडे ते पुढे आले आणि त्यांच्या वंशात वंशपरंपरेने राहिले. शाहू महाराजांच्या काळात पेशवेपदाचा उत्कर्ष होत गेला तसतसे प्रतिनिधिपदाचे राजकीय महत्त्व ओसरले. सातारच्या गादीचा प्रभाव मावळल्यावर तर ज्याचे प्रतिनिधित्व करायचे तो राजाच दुबळा झाला. १८४८ मध्ये सातारचे राज्य इंग्रजांनी खालसा केले तेव्हा औंधचे प्रतिनिधी थेट इंग्रजांचे मांडलिक बनले. ज्या छत्रपतींचे ते प्रतिनिधी होते त्यांचे राज्य संपले, पदवी मात्र टिकली.

विसाव्या शतकाच्या आरंभी औंधच्या अधिपतींच्या नावात या इतिहासाचे सर्व थर एकत्र साचलेले दिसतात. ‘श्रीमंत’ ही मराठेशाहीची खूण, ‘पंत’ ही ब्राह्मण कारभाऱ्याची, ‘प्रतिनिधी’ ही जिंजीची, ‘चीफ’ आणि ‘राजा’ या इंग्रजांच्या दप्तरातल्या. औंधला तोफांच्या सलामीचा मान नव्हता. संस्थानाचा प्रदेश सुमारे पाचशे चौरस मैल, तोही औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ अशा विखुरलेल्या तुकड्यांचा. बहात्तर गावे आणि सुमारे पाऊण लाख लोकवस्ती असलेल्या या संस्थानाची कीर्ती मात्र त्याच्या आकाराच्या मानाने पुष्कळच मोठी होती. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा देणारे, सूर्यनमस्काराचा देशभर प्रसार करणारे, स्वतः चित्रे काढणारे व कीर्तने करणारे बाळासाहेब हे त्या कीर्तीचे कारण होते. औंधचे भवानी वस्तुसंग्रहालय त्यांच्या कलादृष्टीची साक्ष आजही देते.

येथे नावाविषयी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. पुत्राने स्वतःच्या नावात ‘प्रतिनिधी’ ठेवले नाही, केवळ ‘पंत’ ठेवले. हा शब्द मुळात आडनाव नाही, ती आदरार्थी उपाधी आहे. उत्तरेतील पुढाऱ्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या वर्तुळात या नावाचा मनुष्य कुमाऊँकडचा समजला जाण्याचा संभव अधिक. पाटील, देशमुख, देशपांडे ही अधिकारपदे आपल्याकडे आडनावे झाली, तसेच येथे घडले. फरक इतकाच की पदवीचा जो भाग गळाला, त्याचा अर्थ अप्पासाहेबांच्या पुढील व्यवसायात पुन्हा उभा राहिला.

औंधचा प्रयोग : राजाने राजेपण सोडणे

ऑक्सफर्डचे शिक्षण आणि बॅरिस्टरीची पदवी घेऊन अप्पासाहेब १९३७ च्या सुमारास स्वदेशी परतले. बंगळूर येथे सरकारी विद्युत कारखान्यात काम करणारे पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि त्या परिचयातून औंधच्या स्वराज्याची कल्पना आकारास आली. हेच फ्रिडमन पुढे स्वामी भारतानंद म्हणून ओळखले गेले आणि निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे ‘आय ॲम दॅट’ या ग्रंथाद्वारे त्यांनी १९७३ मध्ये जगापुढे आणली. राजाने आपले अधिकार प्रजेकडे सोपवावेत, ही सूचना घेऊन ही मंडळी वर्ध्याजवळ सेवाग्रामी गांधीजींकडे गेली. औंधची राज्यघटना सातारच्या डोंगरात अमलात आली, तरी तिच्या घडणीत विदर्भाच्या भूमीचा हा वाटा आहे. विदर्भातील इतिहासलेखनात त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

जानेवारी १९३९ मध्ये ही घटना लागू झाली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांमधून तालुका समिती बनायची आणि तालुका समित्यांमधून संस्थानाची विधानसभा, अशी तिची रचना खालून वर जाणारी होती. त्याच वर्षी आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही बंदिजनांची मुक्त वसाहत सुरू झाली. खुनासारख्या गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेले लोक तेथे बेड्यांशिवाय राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाची प्रेरणा हीच वसाहत. त्याचे कथालेखक ग. दि. माडगूळकर हे औंध संस्थानातच वाढलेले, हा योगायोग नव्हे.

अप्पासाहेबांनी या प्रयोगाचा वृत्तान्त ‘ॲन अनयूज्वल राजा’ (१९८९) या पुस्तकात दिला आहे. पुस्तकाचा नायक पिता आहे. पुत्र स्वतःकडे सहायकाची भूमिका घेतो. ही नम्रता खरी असली तरी तिचा एक परिणाम होतो. पित्याच्या त्यागाची कथा जितकी ठळक होते, तितकी प्रजेची कृती पुसट होते. औंधच्या रयतेत १९३९ पूर्वीपासून असंतोष होता, सारा आणि हक्क यांविषयी मागण्या होत्या. सत्ता मिळाल्यावर पंचायतींनी काय केले, कोठे भांडल्या, जातींच्या व जमिनींच्या प्रश्नांपुढे कोठे अडल्या, हे समजून घेण्यासाठी वाचकास इंदिरा रोदरमुंड यांच्या ‘द औंध एक्स्पेरिमेंट’ (१९८३) या स्वतंत्र अभ्यासाकडे वळावे लागते. संस्मरणात शेतकरी आणि बंदिजन येतात, पण ते लेखकाच्या निवेदनातून. प्रतिनिधी त्यांच्या वतीने बोलतो, ते स्वतः बोलत नाहीत.

या संदर्भात कुंडलचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. औंध संस्थानातील हे गाव १९४२ नंतर सातारच्या प्रतिसरकारचे प्रमुख केंद्र बनले. क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. लाड यांच्या सहकाऱ्यांना संस्थानी हद्दीचा आसरा मिळाला. एका बाजूस गांधीजींच्या मार्गदर्शनाने राजाने दिलेले स्वराज्य आणि दुसऱ्या बाजूस भूमिगतांनी स्वतः उभारलेले सरकार, अशी दोन राज्ये काही काळ एकाच शिवारात नांदली. पहिल्याचे मूळ दानात होते, दुसऱ्याचे हक्कात. इतकी समृद्ध तुलना भारताच्या संस्थानी इतिहासात अन्यत्र सहजासहजी सापडणार नाही. अप्पासाहेबांच्या लेखनाचा कल मात्र पहिल्या कथेकडेच राहतो, आणि ही त्यातील सर्वात मोठी उणीव होय. तथापि न्यायाने हेही म्हटले पाहिजे की हा प्रयोग केवळ देखावा नव्हता. संस्थान मार्च १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा नऊ वर्षांचा पंचायतराज्याचा अनुभव औंधच्या गावांच्या गाठीशी होता. त्रिस्तरीय पंचायतराज्याचा कायदा महाराष्ट्रात त्यानंतर तेरा-चौदा वर्षांनी आला.

नैरोबी : दोन समाजांच्या मध्ये

विलीनीकरणाच्याच वर्षी नेहरूंनी अप्पासाहेबांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे कमिशनर म्हणून पाठवले. संस्थानिकांना परराष्ट्रसेवेत घेण्याची उदाहरणे त्या काळात इतरही आहेत. नवानगरचे जामसाहेब राष्ट्रसंघात गेले, पतियाळाचे महाराज यादविंद्रसिंग पुढे इटलीत राजदूत झाले. मात्र त्यांच्यापैकी कोणी स्वतःचे सिंहासन आधी प्रजेकडे सोपवून नंतर वकिलातीत गेले नव्हते. नैरोबीत या फरकास अर्थ होता.

पूर्व आफ्रिकेतील भारतीय दुकानदार, कारकून आणि रेल्वेचे कर्मचारी हे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या खालच्या आणि आफ्रिकनांच्या वरच्या पायरीवर उभे होते. आपला कमिशनर आपल्या हक्कांसाठी भांडेल, अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा. नेहरूंचे धोरण मात्र वेगळे होते. आफ्रिकेतील भारतीयांनी आफ्रिकनांच्या हिताविरुद्ध कोणतीही सवलत मागू नये, असा त्याचा आशय होता. म्हणजे अप्पासाहेब ज्यांचे प्रतिनिधी समजले जात, त्यांना त्यांच्याच सोयीविरुद्ध सल्ला देणे हे त्यांचे काम ठरले. त्यांनी जोमो केन्याटा आणि इतर आफ्रिकन नेत्यांशी मैत्री जोडली, आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळवून देण्यात पुढाकार घेतला आणि नैरोबीत गांधीजींच्या स्मरणार्थ उच्च शिक्षणाची संस्था उभी करण्याच्या प्रयत्नांत भाग घेतला. ही गांधी स्मारक अकादमी रॉयल टेक्निकल कॉलेजाशी जोडली गेली आणि त्यातूनच १९७० मध्ये नैरोबी विद्यापीठ आकारास आले. वंशभेदाच्या वातावरणात सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांसाठी एक महाविद्यालय, ही त्या काळी साधी मागणी नव्हती.

ऑक्टोबर १९५२ मध्ये केनियात आणीबाणी जाहीर झाली आणि केन्याटांना अटक झाली. कापेनगुरिया येथील खटल्यात बचावासाठी नेहरूंनी दिवाण चमनलाल यांना पाठवले. वसाहतीचे शासन भारतीय कमिशनरवर आधीच रुष्ट होते. ‘आमच्या प्रदेशात येऊन हा मनुष्य आमच्याच प्रजेस चेतवतो’ या आशयाच्या तक्रारींची परिणती १९५४ मध्ये त्यांचे तेथील काम संपण्यात झाली. त्याच वर्षी भारत शासनाने त्यांना पद्मश्री दिली. एका सरकारची नाराजी आणि दुसऱ्या सरकारचा सन्मान एकाच वर्षी आले, यातून मुत्सद्द्याच्या पदव्यांचे स्वरूप नीट समजते.

अप्पासाहेबांच्या लेखनात पूर्व आफ्रिकेचे पर्व सर्वाधिक जिवंत आहे, कारण तेथे लेखक सुरक्षित अंतरावर नाही. पण याच पर्वाची पुढची बाजू अधिक तपासली जावयास हवी होती. स्थानिकांशी एकरूप व्हा, हा सल्ला किती भारतीयांनी मानला? १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाल्यावर हजारो भारतीयांनी ब्रिटिश पारपत्र कायम ठेवले. १९६८ च्या कायद्याने इंग्लंडने त्यांच्यापुढे दार लोटले. त्यानंतरच्याच वर्षी अप्पासाहेब लंडनला उच्चायुक्त म्हणून आले. एकेकाळी ज्यांना त्यांनी आफ्रिकन व्हा असे सांगितले होते, तेच लोक आता परवान्याच्या रांगेत उभे होते. इतिहासाने एखाद्या मुत्सद्द्यास त्याच्याच सल्ल्याचा परिणाम इतक्या जवळून क्वचितच दाखवला असेल.

गंगटोक आणि त्यापुढे

१९५५ ते १९६१ या काळात अप्पासाहेब गंगटोक येथे ‘पोलिटिकल ऑफिसर’ होते. ही पदवी इंग्रजांनी १८८९ मध्ये सिक्कीममध्ये निर्माण केलेली होती, आणि स्वतंत्र भारताने ती नावासकट, बंगल्यासकट पुढे चालवली. १९४९ चा भूतानशी झालेला तह व १९५० चा सिक्कीमशी झालेला तह यांची देखरेख आणि तिबेटातील भारतीय कार्यालयांशी संबंध या अधिकाऱ्याकडे असत. ज्याने स्वतःच्या घरचे संस्थान विलीन होताना पाहिले, त्याच्याकडे आता दुसऱ्या संस्थानावर लक्ष ठेवण्याचे काम आले. इंग्रजांचे पोलिटिकल एजंट पूर्वी औंधकडे ज्या नजरेने पाहत, त्याच खुर्चीत बसून औंधचा राजपुत्र सिक्कीमकडे पाहत होता.

या विसंगतीची जाणीव त्यांच्या लेखनाच्या स्वरातून जाणवते. सिक्कीमचे राजघराणे, लामा, तिबेटी यात्रेकरू यांच्याविषयी त्यांनी आत्मीयतेने लिहिले आहे. बुद्धजयंतीनिमित्त १९५६–५७ मध्ये दलाई लामा व पंचेन लामा यांची भारतभेट, १९५८ मध्ये नेहरूंनी नथू ला ओलांडून चुंबी खोऱ्यातून घोड्यावर व पायी केलेला भूतानप्रवास, मार्च १९५९ मधील दलाई लामांचे पलायन या सर्व घटना त्यांच्या कारकिर्दीत घडल्या. नेहरूंच्या भूतानप्रवासात ते सोबत होते. मात्र ‘अ मोमेन्ट इन टाइम’ (१९७४) आणि ‘मंडल’ (१९७८) या पुस्तकांत हिमालय हळूहळू राजकारणाची भूमी न राहता साधनेची भूमी बनतो. भेटलेल्या माणसांची शांती, मौन, अंतर्दृष्टी यांकडे लेखक वळतो. वाचकास ते मोहक वाटते, अभ्यासकाची अडचण मात्र वाढते. का. मा. पणिक्कर यांच्या ‘इन टू चायनाज’ मध्ये धोरणाची बाजू मांडणारा वकील दिसतो. तो चुकत असला तरी त्याच्याशी वाद घालता येतो. अप्पासाहेबांच्या अध्यात्माशी वाद घालण्यास जागाच राहत नाही. सिक्कीमच्या भवितव्याविषयी दिल्लीला त्यांनी कोणता सल्ला दिला आणि तो का नाकारला अथवा स्वीकारला गेला, हा १९७५ च्या विलीनीकरणाच्या पार्श्वभूमीवर कळीचा प्रश्न आहे. ध्यानाच्या भाषेत त्याचे उत्तर मिळत नाही.

पुढील नियुक्त्यांचा येथे धावता उल्लेख पुरेसा आहे. इंडोनेशियात असताना १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वादातून जमावाने जकार्ताच्या भारतीय वकिलातीवर हल्ला केला. त्यानंतर नॉर्वे, मग जून १९६७ च्या युद्धाच्या काळातील इजिप्त, लंडन आणि शेवटी १९७५ पर्यंत इटली. ‘अनडिप्लोमॅटिक इन्सिडेन्ट्स’ (१९८७) मध्ये या वर्षांतील प्रसंग हलक्या हाताने आले आहेत.

पदव्यांचा अस्त आणि लंडन

लंडनमधील कारकीर्द पदव्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ ने राज्याने किताब देण्यास १९५० पासूनच बंदी केली होती. तरीही संस्थानिकांची मान्यता आणि तनखे चालू होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७० मध्ये मान्यता काढून घेणारा आदेश रद्द केला आणि एका वर्षाने, डिसेंबर १९७१ मध्ये, सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे व मान्यता दोन्ही संपवली. त्या वेळी भारताची बाजू इंग्लंडमध्ये मांडणारा उच्चायुक्त स्वतः एका राजाचा पुत्र होता. बांगलादेश युद्धाच्या त्याच महिन्यात हे घडले, म्हणून त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

तुलनेसाठी स्पेनचे उदाहरण उपयुक्त ठरते. आल्बाचे सतरावे ड्यूक हाकोबो फिट्झ-जेम्स स्टुअर्ट हे १९३९ ते १९४५ या काळात लंडनमध्ये स्पेनचे राजदूत होते. ड्यूक, मार्क्विस, काउंट अशा कित्येक पदव्या त्यांच्या नावावर होत्या. त्यांपैकी बेरिक ही तर मुळात इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याच्या अनौरस पुत्राची. फ्रँकोच्या राजवटीसाठी ही पदवीच एक राजनैतिक साधन होती. लंडनच्या उमराव वर्तुळात हा राजदूत परका नव्हता, आप्त होता. स्पेनच्या प्रजासत्ताकाने १९३१ मध्ये रद्द केलेल्या पदव्या १९४८ च्या कायद्याने परत आल्या आणि आजही तेथील न्याय मंत्रालयाच्या नोंदीत आहेत. भारताने उलट मार्ग पत्करला. अप्पासाहेबांच्या हाती लंडनमध्ये घराण्याची पदवी नव्हती. त्यांच्याजवळ होता तो पदवी सोडल्याचा इतिहास, आणि ब्रिटिशांपुढे त्याचे मोल कमी नव्हते.

पद्मश्रीचा प्रश्न यातूनच उद्भवतो. पद्म सन्मान हे अनुच्छेद १८ च्या अर्थाने किताब नव्हेत आणि ते नावाच्या मागेपुढे लावता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने बालाजी राघवन प्रकरणात १९९५ मध्ये दिला. अनेक सन्मानित व्यक्तींची पत्रके व निमंत्रणपत्रिका पाहता हा निर्णय आपल्याकडे फारसा वाचला गेला नसावा.

भाषेचा प्रश्न

अप्पासाहेबांच्या लेखनाविषयी एक आक्षेप अखेरीस नोंदवणे भाग आहे. पित्याने आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले. त्यात कीर्तनकाराची बोली आहे, संस्थानाच्या माणसांशी बोलण्याची सवय आहे. पुत्राने आपली प्रमुख पुस्तके इंग्रजीत लिहिली. आंतरराष्ट्रीय वाचकासाठी हे स्वाभाविक होते. पण ज्या आटपाडी-कुंडलच्या गावकऱ्यांच्या स्वराज्याची कथा त्यात आहे, त्यांना ती वाचता येण्यासारखी नव्हती. प्रतिनिधी जगाशी बोलला. ज्यांच्या वतीने बोलला, त्यांच्याकडे पाठ झाली. मराठी समीक्षेनेही या लेखनाकडे दुर्लक्ष केले. राजनैतिक आत्मकथन हा प्रकार मराठीत क्षीण असल्याची तक्रार आपण करतो, परंतु मराठी माणसांनी इंग्रजीत लिहिलेल्या अशा लेखनास आपल्या अभ्यासक्रमात जागा देत नाही. पदवीच्या वर्गात पित्याचे मराठी आत्मचरित्र, पुत्राचे ‘ॲन अनयूज्वल राजा’ आणि प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांच्या आठवणी शेजारी ठेवून वाचल्या, तर एकाच तालुक्याच्या दहा वर्षांचे तीन परस्परविरोधी वृत्तान्त विद्यार्थ्यांच्या हाती येतील. अप्पासाहेबांच्या पुस्तकात जे गावकरी केवळ ऐकताना दिसतात, त्यांच्यापैकी काही तिसऱ्या वृत्तान्तात बंदूक घेऊन, निवाडे करीत, स्वतःच्या नावाने वावरताना भेटतात.